तुलारामच्या वेळचा धूर

तुलाराम तापानं गेला, त्या संध्याकाळी गावात धूर सगळ्यात झकास निघाला होता. इतका, की मातीला आलेल्या सोयऱ्यांना घर सापडेना आणि दोघं चुकून शेजारच्या अंगणात रडून आले. तरी परत जाताना सगळे म्हणाले, "गावानं काही कमी केलं नाही."

तो धूर ग्रामपंचायतीचा शिपाई इश्वर यानं मारला होता. डासांची मशीन खांद्याला अडकवून गल्लोगल्ली फिरायचं काम त्याच्याकडं होतं. जुनं गाव धरणात गेलं होतं. नव्या गावठाणात नाल्या झाल्या, उतार तेवढा द्यायचा राहिला, त्यामुळे माणसांच्या आधी डासांचं पुनर्वसन झालं. तापानं दोन माणसं नेली होती, आणि रविवारी इश्वरची पोरगी प्रतिक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"तुमच्या धुरानं मी खोकलतो, म्हैस खोकलते," त्याची बायको बेबीबाई म्हणाली, "डास काहून खोकलत नाई?"

याचं उत्तर आरोग्य केंद्राच्या जीवननं दिलं. त्यानं धुराचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, औषध जळून रायलं. ही मशीन औषध तापवून त्याची वाफ करते. जास्त तापली का औषध मरते, डास नाई. गरमीचा काटा कमी दाखवते, आत आग लागली आहे. सेन्सर खोटं बोलून रायला."

"मंग?"

"खऱ्या तापाशी जुळवा त्याले. बर्फात शून्य पायजे, उकळत्या पाण्यात शंभर. मांगं पेच आहे, तो फिरवायचा."

बर्फ मासेवाल्याच्या पेटीत मिळाला. तिथं सेन्सर खुपसला, काटा बरोबर शून्यावर आला. मग दोघं रुखमिणीच्या चहाच्या टपरीवर गेले. उकळत्या पाण्यात काटा साठावर जाऊन बसला आणि हलेना. जीवननं पेच फिरवत फिरवत त्याला शंभरावर आणला.

"माह्या भांड्यात डासाची मशीन शिजवली म्हणून कोणाले सांगू नका बाप्पा," रुखमिणी म्हणाली. सांगायची गरज नव्हती, सगळी टपरी बघत होती. त्या दिवशी तिचा एक कप चहा खपला नाही.

संध्याकाळी मशीनमधून धूर असा निघालाच नाही. नुसती विरळ वाफ, दिसेल न दिसेल अशी. एरवी धुरात नाचणारी पोरं हिरमुसून घरी गेली, आणि सेन्सरला मासळीचा वास लागल्यामुळे इश्वरच्या मागं फक्त मांजरं उरली. पण सकाळी बेबीबाईनं घर झाडलं तर सुपाचा तळ काळा झाला, इतके डास मेले होते. इश्वर हरखला. ते सूप तसंच घेऊन तो ग्रामपंचायतीत गेला.

तिथं गाव आधीच जमलं होतं. सरपंचबाईंचे यजमान भैय्यालाल मधल्या खुर्चीत होते. सह्या बाई करत, बाकी सगळं ते करत.

"धूर कुठी गेला, इश्वर? औषध कोण पेलं?"

"भाऊ, हे पाहा ना जी, मेलेले डास."

"घरूनच आणले ना?" भैय्यालालनी विचारलं. घरूनच आणले होते, त्यामुळे इश्वरला नाही म्हणता येईना.

तो सगळं समजावून सांगणार, एवढ्यात तुलारामची बायको चंद्रभागाबाई उठली.

"आमच्या घरच्याच्या वक्ती केवढा धूर होता जी. रात्री झोप नाई आली का मी तेच आठवतो. म्हणतो, गावानं जीव लावला, आपल्या हातात होतं ते झालं. आता आमच्या गल्लीत धूरच नाई. मानूस गेला का घराची किंमत कमी होते काय?"

इश्वरच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. त्या धुरात औषधच उरलं नव्हतं, वहिनी. त्यानं ते गिळलं, आणि ते त्याला फार जड गेलं.

"मशीन बिघडली होती, वहिनी," तो म्हणाला.

"मंग कर पयल्यासारखी," भैय्यालाल म्हणाले. इश्वरनं सगळ्यांसमोर पेच उलटा फिरवला.

तेव्हापासून गावभर ढगासारखा धूर आणि गाव खूश. फक्त आपल्या घराशी आला की इश्वर आडोशाला जाऊन, मशीन थोडी निवू देऊन पेच खऱ्यावर आणायचा. त्याला स्वतःची लाज वाटायची, पण प्रतिक्षाचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. त्याच्या घरचा विरळ धूर गावाच्या नजरेतून सुटला नाही.

"सोताच्या घरी पाहा कसा जरासाच मारते," भैय्यालाल चारचौघांत म्हणाले. "असा इमानदार शिपाई जिल्ह्यात नाई."

रविवारी पवनीच्या बसनं प्रतिक्षा उतरली. संध्याकाळी अर्धं गाव इश्वरच्या अंगणात आलं, सगळ्यांत पुढं चंद्रभागाबाई.

"इश्वरभाऊ, पोरगी दोन जिवाची आहे. आता संकोच नोका करू. माह्या घरचा आजचा धूर तिच्या खोलीत मारा."

"नको वहिनी, तिले धूर मानवत नाई."

"मानवते," भैय्यालाल म्हणाले आणि त्यांनी स्वतः पुढं होऊन पेच पाहिला. "हा तर ढिला झाला. मीच आवळतो."

प्रतिक्षाला अंगणात बसवलं. बेबीबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खोली पांढरी झाली, दारातून धुराचे लोट बाहेर आले, लोक मागं सरकले. इश्वर दारात उभा होता. एक डास त्याच्या मनगटावर येऊन बसला, पोटभर प्यायला आणि आरामात धुरात शिरला. इश्वरचे दोन्ही हात मशीनला होते.

चंद्रभागाबाईनं त्या धुराला हात जोडले.

"आमच्या घरच्याच्या वक्ती होता ना जी," ती म्हणाली, "अगदी तसाच झाला."