अंबाजीच्या अंगठ्यातला देव

वाटीभर कोलंबीने माणूस मरत नाही, असं अंबाजीने ठरवलं आणि शिमग्याच्या आदल्या सांजेला चुलतभाऊ भिकूच्या ओटीवर बसून ती चाटूनपुसून खाल्ली. (वाट्या खरं तर तीन झाल्या, पण ठरवलेली एकच होती.)

बायकोला, केसरला, हे कळून चालणार नव्हतं. गेल्या साली श्रीवर्धनहून बोटीने मुंबईला नेऊन, खड्यांपायी अंबाजीचं एक मूत्रपिंड काढून टाकलं होतं. उरलेलं एकटं दमत होतं, रक्तात युरिक अ‍ॅसिड साठत होतं आणि त्याचा राग पायाच्या अंगठ्यावर निघत होता. डॉक्टरांनी मासळी बंद केली. कोळ्याची मासळी बंद! तेव्हापासून केसर त्याला दुधी वाढायची आणि स्वतःही दुधीच खायची.

सकाळी अंगठा वांग्याएवढा सुजला. गावदेव भैरीच्या पालखीला खांदा द्यायला नाही म्हणावं, तर चोरी उघडी पडणार. दात आवळून गडी पालखीखाली शिरला. ढोल वाजू लागले, पालखी नाचू लागली आणि भिकूचा पाय नेमका त्या अंगठ्यावर पडला.

अंबाजीने अशी बोंब ठोकली की माडावरचे कावळे उडाले. डोळे पांढरे करून तो एका पायावर गरगर फिरला.

"भैरी आला! अंगात आला!" काळूराम गुरव ओरडला.

झालं! अंबाजीच्या कपाळावर गुलाल आणि अख्खा कोळीवाडा पायाशी. (पायाशी म्हणजे अंगठ्याशी. जो तो तिथेच डोकं टेकत होता आणि दर नमस्काराला देव आणखी जोरात घुमत होता.)

खरं सांगावं तर कोलंबी सांगावी लागणार. अंबाजीने देव राहणंच पत्करलं. भिकूने हरवलेल्या जाळ्याचं विचारलं. "मिळंल!" म्हणून देवाने त्याला वाटेला लावलं.

मग केसर पुढे आली. पदर पसरून तिने गुडघे टेकले.

"देवा, डाक्टर बोलला, ह्यांचं उरलेलं मूत्रपिंड बी थकलंय. औंदाचा पावसाळा निघंल का न्हाय, सांगता येत न्हाय. मी ह्यांना काय बोलले न्हाय. माझं येवढंच मागणं हाय. मला ह्यांच्या आधी ने."

अंबाजी घुमायचा थांबला. इतके दिवस ही बाई एकटीच हे ओझं वाहत होती. त्याला मरणाची भीती वाटली, पण तिच्यावाचून जगण्याची त्याहून जास्त वाटली. त्याला रडू आवरेना, आणि देवाच्या तोंडून अंबाजीच बोलून गेला,

"गप गो केसर! तू गेलीस तर मला वाढील कोण?"

काळूरामने घसा खाकरला. "देव भुकेला हाय," त्याने अर्थ लावला. "नैवेद्य आणा रे!"

तिथला भैरी तिखटाचा नैवेद्य खाणारा. घराघरातून सुरमई आली, पापलेटं आली, कालवणं आली. देवाने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"देव गेला," केसरने तो हात वरच्यावर धरून जाहीर केलं. "ह्ये आता आमचेच हायेत." तिने त्याला दंडाला धरून उठवलं.

तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडत अंबाजी घराकडे निघाला.

"देव न्हाय, मीच हाय, ह्ये तुला कवा कळलं?" त्याने विचारलं.

"बोंब ठोकलीत तवाच."

"मग चार मान्सांम्होरं ते सगळं का बोललीस?"

"घरी मला कवा पुरतं बोलू दिलंत?" केसर म्हणाली. "देव झालात, म्हणून तेवढा वेळ ऐकून तरी घेतलंत."