बोडीटोल्याची पाचशे बुचं

बोडीटोल्याच्या तळ्याला एक तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड. त्यात ठोकलेला सागाचा खुंटा कुजून निखळला आणि तळं गळू लागलं. ही बाब मी, ग्रामसेवक या नात्याने, त्याच दिवशी वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिली. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान गर्भात होता आणि तळ्यात मच्छीमार संस्थेने सोडलेली मासोळी होती. दोन फूट लाकूड आणि घणाचे चार घाव, एवढंच काम.

"त्याले अर्ज काऊन पायजे जी? मी आत्ता ठोकतो," संस्थेचे अध्यक्ष मुखरूभाऊ म्हणाले.

मी त्यांना मागच्या वर्षीची नोटीस दाखवली. तेव्हा त्यांनी शेजारच्या तळ्यात असाच खुंटा ठोकला होता आणि 'शासकीय मालमत्तेत विनापरवाना हस्तक्षेप' झाला होता. मुखरूभाऊंनी घण खाली ठेवला. अर्ज गेला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर येतं तेव्हा समजावं, काहीतरी घोळ आहे. 'सदर दुरुस्ती हरित गुणांकनाशी संलग्न असून आपल्या गावाचे गुणांकन शून्य आहे. नैसर्गिक बूच पुनर्चक्रण अभियानांतर्गत वाइनच्या बाटल्यांची वापरलेली पाचशे बुचे जमा केल्यास गुणांकनाचा विचार करता येईल.' सोबत माहितीपत्रक होतं. हे बूच परदेशातल्या एका झाडाच्या सालीचं असतं, ते फेकू नये, त्याने जंगल वाचतं, वगैरे. आमच्या गावाच्या चारी बाजूंना जंगल आहे. ते गुणांकनात धरत नाहीत, कारण ते आधीपासूनच आहे.

ग्रामसभा बसली. सरपंच आशाबाईंनी पत्र दोनदा वाचायला लावलं.

"अवो, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाय. हे त्याईले कोनी सांगतलं नाई का?"

मी निरंक अहवाल पाठवला. तो परत आला. निरंक म्हणजे शून्य सहभाग, आणि शून्य सहभाग म्हणजे पर्यावरणाबाबत अनास्था. खुलासा सात दिवसांत सादर करावा. तोवर पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीवरून पाचवीवर उतरलं होतं.

"पाचशे ना?" मुखरूभाऊ म्हणाले. "चित्र दाखवा बरं." माहितीपत्रकातलं बूच पाहून ते हसतच सुटले. "अरे बाप्पा! हे तं जाऱ्याचे तरंगे होत!"

जाळं वर तरंगावं म्हणून त्याच्या काठाला हलक्या लाकडाचे तुकडे बांधतात. ते कोरणं मुखरूभाऊंच्या घराण्यात चालत आलेलं. सावरीच्या वाळल्या फांद्या आणून अख्खा टोला कोरायला बसला. चार दिवसांत पाचशे बुचं तयार झाली. दारूसारखा वास यावा म्हणून आशाबाईंनी ती रात्रभर मोहफुलांच्या पाण्यात भिजवली. मी नियमाला धरून चालणारा माणूस. पण मीही दोन कोरली, खोटं का सांगू!

अभियानाचे समन्वयक साहेब तपासणीला आले. त्यांनी एक बूच नाकाशी धरलं.

"हे नैसर्गिक नाही."

"लाकूड हाय साहेब. याच्याहून नैसर्गिक का असते?" मुखरूभाऊ म्हणाले.

"नैसर्गिक म्हणजे बाटलीतून निघालेलं."

"म्हंजे आमी दारू प्यावं?" आशाबाईंनी विचारलं.

"मी तसं म्हटलेलं नाही. परिपत्रकातही तसं नाही. इथे पिणं हा गुन्हा आहे, हे मी सांगायला नको. परिपत्रकात फक्त बुचं आहेत."

"अन् बाटली?"

"बाटली दुसऱ्या विभागाकडे येते."

माझं डोकं तडकलं होतं, पण तडकलेल्या डोक्याने चहा मागवणं हेही ग्रामसेवकाचं कर्तव्य आहे. चहा घ्यायला साहेबांना मुखरूभाऊंच्या अंगणात नेलं. तिथे जाळं वाळत घातलेलं होतं. साहेबांचा कप हवेतच थांबला. जाळ्याच्या काठाला, एका वितीवर एक, अस्सल विलायती बुचं बांधलेली होती.

"ही कुठून आली?"

"इंदिरा आनते," मुखरूभाऊ सहज म्हणाले. "बहीन माही. तालुक्याच्या विश्रामगृहात झाडू मारते. जारं उसवाचं नव्हतं, म्हनून तुमाले नवे कोरून देल्ले."

इंदिराबाई दारातच उभ्या होत्या. "मोठ्या बैठका रायतात ना जी तिथी, आढाव्याच्या. दुसऱ्या दिवशी पोतंभर निघते. फेकून का करता? भावाच्या जाऱ्याले कामी येते. तीन सालापासून आनून राह्यले मी." त्यांनी साहेबांकडे निरखून पाहिलं. "तुमी बी तं राह्यता ना जी बैठकीले?"

साहेबांनी जवळचं बूच उलटून त्यावरचा छाप पाहिला. मग पुढचं पाहिलं. तो छाप त्यांच्या ओळखीचा असावा, कारण त्यांचा आवाज फारच मऊ झाला.

"उत्कृष्ट. नोंद करा. पाचशे बारा. प्राप्तीचं ठिकाण हा रकाना..." त्यांनी बुचाची छापाची बाजू खाली केली. "शासकीय आढावा."

तीन वर्षं गुपचूप चाललेलं पुनर्चक्रण असं अधिकृतपणे जाळ्यातून सोडवून घेण्यात आलं. जाळ्याची एकूण एक बुचं काढून पोत्यात भरली. त्यांच्या जागी सावरीचे अपात्र तरंगे बांधले. ते बुचांहून बरे तरंगतात, असं मुखरूभाऊ म्हणतात, पण त्याला गुण नाहीत.

महिनाभराने सत्कार झाला. बोडीटोला जिल्ह्यात पहिला. आमची बुचं दाबून बनवलेलं स्मृतिचिन्ह मिळालं, हातभर लांब, जाडजूड, भल्यामोठ्या बुचाच्याच आकाराचं. सोबत पत्र होतं: गुणांकन प्राप्त, खुंट्याचा प्रस्ताव पुढील आर्थिक वर्षात विचारार्थ. पाणी शेवटच्या पायरीखाली गेलं होतं. मासोळ्यांची पाठ दिसत होती.

टाळ्या वाजत असताना मुखरूभाऊ स्मृतिचिन्हाला वितीने मोजत होते. मी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरीकडे तोंड फिरवलं. घरी न जाता ते थेट तळ्यावर गेले, चिन्हाला जुनं धोतर गुंडाळलं आणि तुडुमात ठोकलं. चार घावांत गळती बंद! आशाबाई घाटावर नाचल्या. मीही नाचलो, कार्यालयीन वेळेनंतर.

नोटीस आली. 'शासकीय सन्मानचिन्हाचा विनापरवाना पुनर्वापर केल्याचे निदर्शनास आले आहे. ते पंधरा दिवसांत काढून परत करावे, अथवा त्याऐवजी नवीन पाचशे बुचे जमा करावीत.'

चिन्ह काढलं तर उरलेलं पाणी जातं. पाण्यासोबत मासोळी जाते. आणि यंदा विश्रामगृहात आढावे बंद आहेत. साहेबांनी बैठका दुसऱ्या जिल्ह्यात हलवल्या. म्हणून हे लिहायला घेतलं. पर्यावरणाविषयी एवढ्या आस्थेने इथवर वाचलंत, म्हणजे आपल्या घरी दोन-चार तरी निघतीलच. पाठवून द्या. नाव-पत्ता नको. प्राप्तीच्या रकान्यात काय लिहायचं, ते आम्हाला आता ठाऊक आहे.