चार वाजताचा कटला

मल्हारला नाइट शिफ्ट लागून आठ महिने झाले होते. तो कुरकुंभच्या एका कंपनीत कामाला होता. सकाळी नऊच्या सुमारास मोटारसायकलवर निमोण्याला घरी यायचा, भाकरी खाऊन पत्र्याखाली झोपायचा, आणि मग घरातले सगळे दिवसभर चवड्यावर चालायचे. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की त्याची बायको मोनिका पळत जाऊन गॅस बंद करायची. आठ महिने ते घर कच्ची डाळ खात होतं.

शेवटी मोनिका म्हणाली, "शिफ्ट बदलून घ्या, न्हाईतर मी बी कंपनीत नाइटला लागते. तिथं तरी गाठ पडंल."

शिफ्टचा चार्ट लावायचं काम सुरज सरांकडं होतं. सर दौंडचे, शिस्तीचे. मल्हारनं तीनदा विनवलं, आणि तिन्ही वेळा सरांनी भिंतीवरच्या चार्टकडं बोट दाखवलं. पण एकदा सकाळी नाइट सुटल्यावर चहा पिताना मल्हारला सरांच्या मोबाइलमध्ये एक थंड मुलूख दिसला. मोठा तलाव, काठावर बर्फ, आणि जाड कोट घातलेला एक माणूस वासराएवढा मासा छातीशी धरून हसत होता. सरांना दोन वर्षांपासून ह्या व्हिडिओंचा नाद लागला होता. त्यांनी गळाची काठी मागवली होती आणि दर सुट्टीला ते दौंडला भीमेच्या काठावर बसत. आजवर मिळालेला सगळ्यात मोठा मासा वीतभर होता.

मल्हार बोलून गेला, "सर, आमच्याकडं पंधरा किलोचा कटला हाय."

हे अगदीच खोटं नव्हतं. कटला होता, पण तो शेजारच्या पोपटरावांच्या शेततळ्यात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बोटभर पिल्लं सोडली होती. बाकीचे मासे जाळ्यात आले. हा एक जाळं टाकलं की तळाला जाऊन बसायचा, आणि जाळं उचललं की वर यायचा. वजन कुणी केलं नव्हतं. पंधरा किलो हा पोपटरावांच्या बायकोचा, सिंधूबाईंचा अंदाज होता.

सरांनी व्हिडिओ थांबवला. "रविवारी येतो," ते म्हणाले. मग चार्टकडं बघत पुढं म्हणाले, "तुझं ते जनरल शिफ्टचं रविवारीच बोलू."

मल्हारची दिवसाची नोकरी आता एका माशाच्या तोंडावर आली.

सरांनी त्याला अभ्यासही दिला. मासा नशिबानं मिळत नाही, त्याचं वागणं कळावं लागतं. तो कधी वर येतो, ऊन कुठं टाळतो, कशाला बिचकतो, हे आधी बघून ठेव, असं त्यांनी बजावलं. मल्हार दिवसा झोपणार, तेव्हा हा अभ्यास त्याच्या बापाकडं, रखमाजीकडं आला. रखमाजीनं चाळीस वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केली होती. आता त्यानं आपली मेंढरं विकली होती. धाकट्या भावाचा, शंभूचा, चाळीस मेंढरांचा खांड तेवढा उरला होता. रखमाजीला कामाची भूकच होती.

"जनावर म्हंजी जनावर," तो म्हणाला. "पान्यातलं काय, रानातलं काय."

सोमवारपासून तो तळ्याच्या बांधावर बसला. बुधवारपर्यंत त्याला बरंच उमगलं. दुपारी तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा काळा कागद काठाला तापतो, म्हणून मासा मधल्या खोल पाण्यात पडून राहतो. चार वाजता पोपटराव मोटर चालू करतात, विहिरीचं गार पाणी पाइपातून कोपऱ्यात पडतं, आणि मासा तिथं येतो. माणसाची सावली हलली की जातो. सावली थांबली की परत येतो. गुरुवारपासून रखमाजी त्या वेळेला पेंडीत भिजवलेली भाकरी टाकायला लागला, आणि टाकताना हाक मारायला लागला. त्याला एकच हाक येत होती, मेंढरांची. शनिवारी त्यानं 'हुर्रर्र हा' म्हणताच मासा पाइपापाशी येऊन तोंड उघडून थांबला. पोपटरावांनी हे बघितलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या माशाला नमस्कार केला.

रविवारी सर तीन वाजता आले. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, खिशात टेप. पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा त्यांचा नियम होता.

रखमाजीनं मल्हारला बाजूला घेतलं. "परत सोडायचा?"

"व्हय."

"मग धरायचा कशाला?"

"आबा, त्यांच्यापुढं इचारू नका."

पोपटरावांचे नियम वेगळे होते. पायात बूट नको, आणि गळ कागदाला लागायला नको. भोक पडलं तर तळं रिकामं होईल आणि शेवंती वाळेल, हे त्यांनी सरांना दोनदा सांगितलं. मग घरातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून काठावर मांडली. खुर्ची आणि चहा यायला सोपं जावं म्हणून कुंपणाचं फाटक उघडं ठेवलं.

चार वाजले. मोटर सुरू झाली. रखमाजीनं हाक मारली आणि मासा आला. त्याची काळी पाठ पाण्यावर पाट ठेवल्यासारखी दिसली. सरांच्या हातातला चहा कलंडला, त्यांना कळलंही नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पिठाची गोळी लावून गळ टाकला. मासा गोळीजवळ गेला, तिला नाकानं ढकललं आणि पुढं निघून गेला. सरांनी गोळी बदलली, जागा बदलली, सगळ्यांना गप्प बसवलं. मासा येत होता, बघत होता, जात होता. लग्नात जेवून उठलेला पाहुणा दुसऱ्या पंगतीकडं बघतो तसं त्याचं बघणं होतं.

अर्ध्या तासानं सरांनी हळूच विचारलं, "यानं शेवटचं कधी खाल्लं?"

"आत्ताच, दुपारी," रखमाजी अभिमानानं म्हणाला. "काल सांजच्याला सात भाकरी, आज सकाळी पेंड, दुपारी परत पाच भाकरी. बाजारला न्यायचं जनावर उपाशी नेत न्हाईत, साहेब. अंगावर मास दिसाय पायजे."

मग पोपटरावांनी घसा खाकरून कबूल केलं की आपल्या तळ्याची अब्रू म्हणून त्यांनीही किलोभर कोंडा टाकला होता. सिंधूबाईंनी भात घातला होता. आणि मल्हारची आई बानूबाई म्हणाली, "मला वाटलं, त्याला कुणी काय दिलंच नसंल."

मल्हारनं कपाळाला हात लावला. चूक झाली हे रखमाजीलाही कळलं, पण त्यावरचा उपाय त्याला ठाऊक होता. "जनावर जरा हिंडवलं की भूक लागती," तो म्हणाला आणि काठी आपटत, मोठमोठ्यानं हाका मारत तळ्याला फेऱ्या घालायला लागला. मासा खरंच त्याच्या मागं पाण्यातून फिरू लागला.

ती हाक पलीकडच्या कांद्याच्या मोकळ्या रानात चरणाऱ्या शंभूच्या मेंढरांनीही ऐकली. ह्याच हाकेवर ती वाढली होती. खांडाची मान एकदम वर झाली. शंभू उठून चप्पल घालेपर्यंत चाळीस मेंढरं उघड्या फाटकातून आत आली होती. पुढं मेंढा होता. तो रखमाजीला भेटायला धावला, कागदावर पाय पडला आणि बसल्या बसल्या घसरत पाण्यात गेला. पोपटराव आणि मल्हार बाकीच्यांना फाटकाकडं हाकलायला धावले.

सर ह्या गडबडीकडं बघत नव्हते. काहीही झालं तरी नजर काठीच्या टोकावरून हलवायची नाही, असं त्या थंड मुलखातल्या माणसानं शिकवलं होतं. पोहत पलीकडं निघालेला मेंढा दोरीत आला, गळ त्याच्या लोकरीत रुतला, आणि काठी कमानीसारखी वाकली.

"लागला," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

रखमाजी म्हणाला, "साहेब, त्यो..."

पोपटरावांनी त्याचा दंड धरला. "गप ऱ्हा, आबा. ओढू द्या. काढायचा हायच न्हवं मेंढा."

मग सगळ्यांनीच सरांना धीर दिला. मल्हारनं त्यांना कमरेला धरलं, रखमाजीनं मल्हारला धरलं. दोरी ताणत, ढिली सोडत, सरांनी दहा मिनिटं झुंज दिली. काठाशी येताच पोपटरावांनी वाकून शिंगं धरली आणि मेंढा वर आला. त्यानं अंग झाडलं. सरांनी भिजलेला चष्मा काढला आणि मेंढ्याकडं नीट बघितलं. मेंढ्यानंही बघितलं.

शंभू धापा टाकत पोचला. "लई उपकार झालं, साहेब," तो म्हणाला. "मला पवाया येत न्हाई."

सर काठी आवरून तडक दौंडला गेले. जनरल शिफ्ट गेली, असं मल्हारनं धरूनच ठेवलं.

सोमवारी भिंतीवर नवा चार्ट लागला होता. मल्हारचं नाव नाइटमध्येच होतं, आणि पुढं सहा महिन्यांच्या तारखा होत्या. त्याच्या खाली आणखी एक नाव होतं. सुरज सरांचं.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. आठ महिन्यांत मल्हारनं त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "मी रात्रभर विचार केला," सर म्हणाले. "मासा चारला येतो. जनरल सुटते साडेपाचला. कसं जमणार? मी स्वतःला नाइट लावून घेतली. आणि तुझ्या घरच्यांशिवाय तो मासा कुणाला ओळखत नाही. तू दिवसा मोकळाच पाहिजेस."

घरी मल्हारनं हे सांगितलं तेव्हा बानूबाई म्हणाली, निदान साहेबाची सोबत तरी झाली. रखमाजी तोंडानं वाईट झालं म्हणाला, पण भाकरी कुस्करायला बसला. मोनिकानं एकच गोष्ट विचारली.

"सरांना मासा एकदा घावला की मग?"

"मोजत्याल, फोटू काढत्याल, सोडून देत्याल."

"आन् त्यांचं याड?"

मल्हारनं विचार केला. "मग निवंल की."

मोनिका उठली. तिनं सासऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं. "आजपासनं त्याला कुणी घासभर टाकायचं न्हाई," ती म्हणाली. "पोपट आप्पांना मी सांगून येते."

"अगं, वाळंल त्ये," रखमाजी म्हणाला.

"वाळू द्या, आबा. टेपनं लांबी मोजत्यात, वजन न्हाई."

चार वाजता मोटर सुरू झाली. रखमाजी बांधावर उभा राहिला आणि मासा तोंड उघडून कोपऱ्यात आला. मोनिकाही तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिचं लक्ष पाण्याकडं नव्हतं. सासऱ्याच्या खिशाकडं होतं.