तिसऱ्या वळणावरचा चिखल

डॉक्टरांच्या दवाखान्यात दाढ काढून घ्यायला आलेल्या माणसाला आधी चिखलाची गोष्ट ऐकावी लागे. डॉक्टर दातांचे! त्यामुळे ऐकणाऱ्याचं तोंड कायम उघडं आणि उलट बोलायची सोय नाही.

"शर्यतीच्या जुन्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील," हातात चिमटा घेऊन डॉक्टर सुरू करत. "चकचकीत, पॉलिश मारलेल्या! त्यांना कोण विचारतो? आमच्या सासऱ्यांनी जिंकलेल्या शेवटच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर जो चिखल उडाला, तो मागच्या मडगार्डवर अजून जसाच्या तसा आहे! बेचाळीस वर्षं! जगात असा दुसरा चिखल नाही! हं, मोठा आ करा."

ती हिरवी, दोन सीटची, उघडी गाडी डॉक्टरांनी स्वतः कधी चालवली नव्हती. स्टिअरिंगला हात लावायचीसुद्धा त्यांना धास्ती. न जाणो, सासऱ्यांच्या बोटांचे ठसे पुसले गेले तर! जुन्या शर्यतींच्या शौकिनांचं जे मंडळ होतं, त्यात बहुतेक सगळे याच पंथाचे. आपापल्या गाडीत बसून कुणी कधी कोपऱ्यापर्यंत गेलं नव्हतं. पण कुठल्या शर्यतीत कुणाचा कितवा नट ढिला झाला, ते सगळ्यांना तोंडपाठ. मंडळाने गाड्यांचे दोनच वर्ग मानले होते. एक 'जैसे थे', दुसरा 'धुतलेल्या'. धुतलेल्या गाडीच्या मालकाकडे मंडळी अशी बघत, जणू त्याने घरातल्या म्हाताऱ्याला पिशवीत घालून रस्त्यावर ठेवलं आहे.

यंदाच्या आठ दिवसांच्या प्रदर्शनात डॉक्टरांची गाडी मधल्या चौथऱ्यावर, मोठ्या दिव्यांखाली राहणार होती. शेवटच्या दिवशी मंडळाचं अध्यक्षपद सर्वांत अस्सल 'जैसे थे' गाडीच्या मालकाकडे जाणार होतं. डॉक्टरांनी दवाखान्याची पाटीही नवी करून घेतली होती. 'दंतवैद्य व अध्यक्ष'!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर गॅरेजपाशी आले आणि दारातच थिजले. सासूबाई पदर खोचून उभ्या. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात बादली. समोर गाडी अशी लखलखत होती, की डॉक्टरांना मडगार्डमध्ये स्वतःचं पांढरंफटक तोंड दिसलं.

"आई! हे काय केलंत?"

"धुतली. चारचौघांत न्यायची म्हणता आणि तशीच नेणार? घासून घासून माझे खांदे भरून आले!"

"आणि चिखल?"

"गेला की पाण्याबरोबर! आता काय, चिखल पण जपून ठेवायचा असतो?"

डॉक्टर शेजारच्या दुसऱ्या, पालथ्या बादलीवर मटकन बसले. बायको धावत आली. "अहो, काय झालं?"

"संपलं! अध्यक्षपद गटारातून वाहून गेलं!"

"मग मंडळात खरं काय ते सांगून टाका ना."

"खरं? आणि ते भिंगाला?"

भिंग म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. भूगोलाचे निवृत्त मास्तर. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी त्यांनी त्या मडगार्डवरचा चिमूटभर चिखल खरवडून बाटलीत भरून ठेवला होता आणि त्यावर दोन तास भाषणही ठोकलं होतं. आज संध्याकाळी तेच तपासणीला येणार होते!

डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. घर मूळचं सासऱ्यांचंच; गॅरेजला लागूनच सासूबाईंचे भाज्यांचे जुने वाफे होते. त्यांची नजर चुकवून डॉक्टरांनी ओंजळभर माती आणली, मळली आणि जुना फोटो समोर ठेवून दात भरायच्या बारीक अवजारांनी मडगार्डवर शिंतोडा न् शिंतोडा बसवला. कपाळावर दिवा बांधून, हवेच्या फवाऱ्याने वाळवला. चार तास माणूस इतका तल्लीन झाला होता, की दोनदा मडगार्डला म्हणाला, "गुळणी करा!"

संध्याकाळी भिंग आले. बरोबर सूक्ष्मदर्शक, बाटली आणि मंडळाचे चार शौकीन. डॉक्टर खांबाला टेकून उभे. भिंगांनी एक कण बाटलीतला घेतला, एक मडगार्डवरचा. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"एकच!" भिंग ओरडले. "कण न् कण एकच!"

डॉक्टरांनी "काय?" असं इतक्या जोरात विचारलं, की सगळे वळून बघायला लागले.

"हाच तो चिखल!" एक शौकीन पुढे सरसावला. "मी तिसऱ्या वळणावरच उभा होतो. थोडा माझ्याही तोंडावर उडाला होता!"

"तुझ्या तोंडावर गोवर होता त्या दिवशी," दुसरा म्हणाला. "मी बघायला आलो होतो तुला!"

"दिव्यांच्या उष्णतेने तडे जातील," भिंगांनी हुकूम सोडला. "प्रदर्शनात रोज दोन वेळा पाण्याचा हलका फवारा मारायचा!"

फवारा मारला गेला. लोक रांगा लावून चिखल बघून गेले. आठव्या दिवशी अध्यक्षपदाची घोषणा करायला भिंग चौथऱ्यावर चढले, सवयीने मडगार्डवर वाकले आणि किंचाळलेच.

"कोंब! चिखलाला कोंब फुटलाय!"

खरंच, दोन इवलीशी हिरवी पानं! मंडळी वेडीपिशी झाली. बेचाळीस वर्षं झोपलेलं बी! वळणावरचं रानफूल! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले, कुणी त्या फुलाला शर्यतवीराचं नाव द्यावं असा ठराव मांडला. वीरपत्नी म्हणून सासूबाईंना चौथऱ्यावर नेण्यात आलं.

त्यांनी चष्मा सारखा केला.

"अगं बाई! हा तर माझा टोमॅटो!"

"बाई, हा तिसऱ्या वळणावरचा चिखल आहे," भिंग समजुतीने म्हणाले.

"कसलं वळण न् काय! शर्यतीहून आले की ते आधी गाडी धुवायचे, मगच जेवायला बसायचे. मळकी गाडी त्यांना खपत नसे. धुऊन वाफ्यांशेजारी लावायचे. मी झाडांना पाणी घातलं की चिखल मागच्या मडगार्डवर उडायचा. मग आमचं भांडण, आणि पुन्हा धुणं! शेवटच्या खेपेला मात्र माझा चिखल उडाला आणि..." त्यांनी मडगार्डवर हात ठेवला. "धुवायला ते राहिलेच नाहीत. इतकी वर्षं माझा हात धजला नाही. गेल्या आठवड्यात म्हटलं, लोकांसमोर जायची आहे, त्यांना लाज वाटेल. म्हणून धुतली."

"धुतली?" भिंगांच्या हातातला कागद गळून पडला. "आणि हे सगळं इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे मलाच त्यांच्या शर्यती सांगत होतात. मला कुणी विचारलं कधी?"

डॉक्टर उठून उभे राहिले. जन्मात एवढी लाज त्यांना वाटली नव्हती. आणि ती चिखल लावल्याची नव्हती, न विचारल्याची होती. "हा चिखल मी लावला," ते म्हणाले. "आईंच्या वाफ्यातलाच."

गाडीसमोरची 'जैसे थे' ही पाटी तिथल्या तिथे बदलून 'धुतलेली' अशी लावली. अध्यक्षपद दुसऱ्या एका गृहस्थांना मिळालं. त्यांच्या सायलेन्सरमध्ये पन्नास वर्षांपूर्वी मेलेला उंदीर होता, जैसे थे!

आता दर रविवारी डॉक्टर गाडी धुतात आणि सासूबाईंना शेजारी बसवून फिरवून आणतात. "ते असं बैलगाडीसारखं चालवत नसत," असं त्या दर रविवारी सांगतात.

कोंब त्या चिखलासकट कुंडीत लावला. दवाखान्याच्या खिडकीत त्याला टोमॅटो धरले. आणि दोनच महिन्यांत भिंगांची दाढ ठणकायला लागली! नाइलाजाने ते येऊन खुर्चीत पसरले.

"मोठा आ करा," डॉक्टर म्हणाले. "हं. बाटलीतला चिखल आणि या कुंडीतला चिखल कण न् कण एकच, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग आता बोला, माझा चिखल अस्सल की नाही?"

"आ... आँ... आ!" भिंग हातवारे करत म्हणाले.

"अस्सल म्हणताहेत," डॉक्टर मदतनीस बाईंकडे वळले. "तारीख घालून लिहून ठेवा."