तक्रार क्रमांक एक

आमचे शेजारी नाना उपासनी हॉटेलात जेवायला जाताना एक वेळ पाकीट घरी विसरतील, पण काखेतलं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर विसरणार नाहीत. ती त्यांची तक्रार-वही. नाना रेल्वेत स्टेशन मास्तर होते. प्रवाशाने मागितली की तक्रार-वही द्यायची आणि लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीला लेखी उत्तर द्यायचं, हे त्यांच्या हाडामांसात भिनलेलं. रिटायर झाल्यावर त्यांचा समज असा की जगात सगळीकडे हेच चालतं. हॉटेलवाले म्हणाले, असली वही आमच्याकडे नसते. मग नाना स्वतःचीच घेऊन फिरायला लागले.

पद्धत ठरलेली. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर उत्तराची जागा. चहा गार आला, सांबार मागून वीस मिनिटं झाली, ऑर्डर घेताना वेटरने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही, सगळं इथल्या हॉटेलवाल्यांना कळावं म्हणून शुद्ध हिंदीत, क्रमांक घालून. मग मॅनेजरला बोलावणं. त्याला खुर्ची द्यायची, पेन हातात द्यायचं आणि म्हणायचं, "आराम से लिखिए, गाड़ी लेट है." हे नानांचं ठरलेलं वाक्य. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तर मी पावभाजी अर्धी टाकून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

पण गंमत सांगू का, लोक लिहायचे हो. माधव नगरातल्या एका थाळीवाल्याने लिहिलं, 'बाबूजी, दाल सच में पतली थी.' खाली सही. नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं नाना ते पान कॉलनीभर दाखवत हिंडले.

फक्त पहिल्याच तक्रारीचं उत्तर आलं नव्हतं. तक्रार क्रमांक एक, फ्रीगंजातल्या एका नावाजलेल्या हॉटेलाविरुद्ध. तिथे माणशी कमीत कमी अमुक इतकं बिल लावतात, मग तुम्ही नुसती कॉफी प्या. आणि हे ना मेन्यूत लिहिलेलं, ना दारावर. नाना तीन वर्षं दर गुरुवारी तिथे जायचे, एक कॉफी घ्यायचे, वर ते जास्तीचे पैसे मुकाट्याने भरायचे आणि वही पुढे करायचे. मॅनेजर म्हणायचा, "दादाजी, सिस्टम में है." एकदा कंटाळून तो सगळे पैसे परत द्यायला निघाला, तर नानांनी घेतले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं, लेखी.

हे हॉटेल पूर्वी असं नव्हतं. तेव्हा एसी नव्हता, काचेचं दार नव्हतं. गल्ल्यावर म्हातारे मालक बसायचे. नाना आणि कुमुदकाकू पगाराच्या दिवशी तिथे एक मसाला डोसा मागवायचे आणि मालक न सांगता तो दोन बशांत अर्धा अर्धा करून पाठवायचे, चटणी मात्र दोघांना पुरेपूर. रामघाटावरून दमून आलेली यात्रेकरू मंडळी नुसतं पाणी पिऊन तासभर टेकायची, कोणी उठवत नसे. आता दारात नाव लिहून ताटकळायचं आणि आत गेल्यावर आपल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला त्या जुन्या हॉटेलाची फार आठवण येते, सांगून टाकते.

तरीही नानांचा मला रागच यायचा. एका कॉफीच्या बिलापायी तीन वर्षं? एकदा मी तोंडावर म्हणाले, काकू असत्या तर त्यांनी हे खूळ चालू दिलं नसतं. एरवी वाद घालणारे नाना त्या दिवशी वही काखेत मारून घरात निघून गेले.

गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा धरला, म्हणून गुरुवारी मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. मॅनेजर बदलला होता. आता तिशीतली एक बाई होती. तिने 'पैसे परत नकोत' या शेवटच्या ओळीपर्यंत तक्रार वाचली आणि विचारलं, "दादाजी, पैसे तो आपको चाहिए नहीं. फिर क्या चाहिए?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. नाना हळूहळू सांगायला लागले. काकूंचं दुखणं चालू होतं. डॉक्टरकडून परतताना त्यांना इथला डोसा खावासा वाटला. दोघांत एकच मागवला, त्यातलेही त्यांना दोनच घास गेले. बिल दोघांचं पूर्ण आलं. नानांनी विचारलं, तर वेटर सगळ्यांदेखत म्हणाला, पढ़ के बैठना चाहिए था. काकूंनी उलट त्याचीच माफी मागितली. घरी येईपर्यंत त्या एकच म्हणत राहिल्या, मेन्यू माझ्याच हातात होता, माझ्याच वाचण्यातून राहिलं, माझ्यामुळे तुम्हाला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं.

"मैंने बहुत कहा, लिखा ही नहीं था," नाना म्हणाले. "वो मानी नहीं."

त्यानंतर काकू बाहेर जेवायला म्हणून कुठे गेल्याच नाहीत. दोन महिन्यांनी वारल्या. मी भिंतीला भिंत लावून राहते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर मी त्यांना काय म्हणाले होते ते आठवलं आणि माझी मान वर होईना.

मॅनेजरबाईंनी पेन घेतलं. खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. सही केली, तारीख घातली, गल्ल्यावरून शिक्का मागवून मारला. नानांनी वही मिटली आणि काखेत धरली. मला दाखवली नाही.

घरी पोचल्यावर मी निघाले तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "अनू, आत ये. मोठ्याने वाच. मला नाही जमायचं." आत काकूंच्या फोटोसमोर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः उभे राहिले.

मी वाचलं, 'मेन्यू में नहीं लिखा था. दरवाज़े पर भी नहीं. माताजी से पढ़ने में कोई चूक नहीं हुई. गलती हमारी थी.'

नाना फोटोकडे बघत होते.

"परत वाच," ते म्हणाले. "माताजीपासून."