उमाळकरांचा ओढा

उमाळकरांच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी त्याच्या हातात टॉर्च यायची. मग हुकूम सुटायचा, "चपला बाहेर, आवाज बंद, आणि खाली बसा." घरात चार खुर्च्या होत्या. पण मासे तळाशी राहतात, म्हणून माणसानेही तळाशी बसायचं.

"दहा मिनिटं हलू नका ना भाऊ. आधी ते तुम्हाला पाहून घेतील. पसंत पडलात तर दिसतील."

बहुतेक पाहुणे पसंत पडत नसत.

भोपाळला, पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये ते खाली आणि मी वर राहायचो. ते भंडाऱ्याकडचे, मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. कारखाना एकच, मी प्लॅनिंगला, ते तपासणीला. तयार होऊन आलेला भाग मोजायचा आणि केसभर फरक असला तरी लाल शिक्का मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. हा शिक्का ते घरीही घेऊन येत. पुष्पावहिनींची आमटी, सिटी बसचा ड्रायव्हर, मी नवीन शिवलेली सफारी, सगळ्यावर एकच शेरा, "नापास."

पास होती ती फक्त बैठकीच्या खोलीतली पाच फुटी काचेची टाकी. तिला टाकी म्हटलेलं चालत नसे. "ओढा म्हणा," ते बजावायचे.

रविवार उजाडला की ते स्कूटर काढून रायसेनच्या बाजूला कुठल्याशा ओढ्यावर जायचे आणि दगड आणायचे. एकदा मला मागे बसवून नेलं. तीन तास गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी पाच दगड निवडले. "याची ही बाजू गुळगुळीत आहे ना, म्हणजे पाणी इकडून येत होतं. घरी पण याचं तोंड इकडेच पाहिजे. नाहीतर त्याला करमणार नाही." परत येताना ते पाच दगड गोणीतून माझ्या मांडीवर होते. त्यांना करमत असावं, मला नव्हतं.

वाळू त्यांनी इतकी धुतली की मोरी तुंबली. वर अर्जुनाच्या झाडाची एक वाकडी मुळी, उंबराची वाळकी पानं. पाण्याला धार हवी म्हणून घरच्या कूलरचा पंप काढून टाकीला लावला. भोपाळच्या मे महिन्यात पंखा नुसता गरम वारा फेकायचा आणि वहिनी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पोळ्या लाटायच्या. म्हणायच्या, "आमच्याकडे ओढा वाहतो आणि माणसं वाळतात."

एवढ्या थाटात राहणारे मासे बोटाएवढे, मातकट, अंगावर काळसर पट्टे. मुऱ्या म्हणायचे ते त्यांना. दिवसभर दगडाखाली दडून बसणार, मनात आलं तर धारेत तोंड खुपसून दोन मिनिटं थरथरणार, परत गडप. आमच्या एका सहकाऱ्याने भाबडेपणाने विचारलं, "पानांचा कचरा झालाय हो, मासे कधी आणणार?" त्याला त्या घरात पुन्हा चहा मिळाला नाही.

दुकानातल्या लाल माशांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "मासे आहेत का ते? लग्नातला बँडवाला दिसतो तसे दिसतात."

उमाळकर आणि वहिनींना मूलबाळ नव्हतं. हे मी सांगतोय; त्यांनी कधी विषय काढला नाही.

मग क्लबचं प्रकरण झालं. टाउनशिपच्या क्लबात माशांसाठीची मोठी काचेची टाकी रिकामी पडून होती. मी कमिटीवर होतो. उमाळकरांचं नाव मीच सुचवलं आणि दोन महिने संध्याकाळी ते क्लबात राबले. शेवटी घरचे सगळे मासे त्यांनी तिकडे नेले. मी म्हटलं, "अहो, घरचा ओढा रिकामा केलात?"

"इथे कोण पाहतं? तिथे कॉलनीतली पोरं येतात."

आणि पोरं खरंच यायची. खाली फरशीवर पोटावर पडून, गप्प राहून बघायची. एखादी मुरी बाहेर आली की दबक्या आवाजात ओरडायची, "अंकल, वो रही!" उमाळकर मागे हात बांधून उभे असायचे. त्या दिवसांत त्यांनी कोणाला नापास केल्याचं मला आठवत नाही.

पुढे दिल्लीहून मोठे साहेब येणार असं ठरलं. कमिटीचे अध्यक्ष सक्सेना साहेब पाहणीला आले, टाकीपुढे थांबले. वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

"लिमये, इसमें मछली कहाँ है?"

"सर, पत्थर के नीचे।"

"तो साहब को क्या पत्थर दिखाएँगे? कुछ रंगीन डलवाओ भाई।"

उमाळकर तेव्हा मेहुण्याकडच्या मुंजीला नागपूरला गेले होते. जाताना ओढ्याची जबाबदारी माझ्यावर टाकून गेले होते. कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या, पंप बंद पडला तर काय, लाईट गेली तर काय. सक्सेना साहेब आले तर काय, हे त्यात नव्हतं.

मला तेव्हा बढतीची आशा होती. मी सक्सेना साहेबांना उमाळकर येईपर्यंत थांबा म्हणू शकलो असतो. निदान मासे बादलीत घालून उमाळकरांच्या घरच्या रिकाम्या टाकीत सोडू शकलो असतो. वहिनीही भावाकडच्या त्या मुंजीलाच गेल्या होत्या, घराची किल्ली माझ्याकडेच होती. मी क्लबच्या माळ्याला म्हटलं, "इन मछलियों को कहीं डाल दो," आणि केस कापायला गेलो.

परत आलो तेव्हा टाकीत निळे खडे होते, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या होता, आणि आठ लाल मासे.

उमाळकर स्टेशनवरून थेट क्लबात आले. हातात बॅग होती. बराच वेळ टाकीकडे बघत राहिले.

"मुऱ्या कुठे आहेत?"

"नाल्यात सोडल्या."

"कोणत्या?"

"हा मागचा."

"तो नाला नाही, लिमये. गटार आहे ते."

बॅग तिथेच ठेवून ते मागे गेले. मी खिडकीतून बघत होतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या साबणाच्या पाण्यात वाकून ते हाताने चाचपत होते. खूप वेळ. मी बाहेर गेलो नाही. हाती काही लागलं नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

मोठे साहेब गेस्ट हाऊसवर चहा पिऊन परस्पर गेले. क्लबात त्यांनी पाऊलही ठेवलं नाही. बढती मात्र मला मिळाली.

उमाळकर माझ्याशी बोलेनासे झाले. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघत. लाल माशांना आठवडाभर सगळ्यांनी पाव चारला आणि मग सगळे विसरले. पाणी हिरवं झालं, दोन मासे मेले. पोरं केव्हाच यायची थांबली होती.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी कमिटीची फाईल आणायला क्लबात गेलो. त्या वेळी तिथे कोणी नसतं. टाकीशी उमाळकर होते. निळे खडे आणि पाणबुड्या बाहेर वर्तमानपत्रावर ठेवले होते. दोन बादल्या शेजारी. पाणी स्वच्छ झालं होतं, आणि त्यांनी कोपरापर्यंत हात त्यात घातला होता. सहाही मासे त्यांच्या बोटांभोवती गोळा होऊन बोटं चाटत होते. उमाळकर हात जराही हलवत नव्हते. चेहऱ्यावर असं काही होतं की मी चोरी करत असल्यासारखा दारातच थांबलो.

त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी हात झटकन बाहेर काढला आणि शर्टाला पुसला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्हाला तर हे आवडत नव्हते."

"नाहीच आवडत." मग ओली बाही पिळत, "हे मेले तर तुम्ही दुसरे आणाल. म्हणून मरू देत नाही."

मी बादली उचलायला वाकलो. ती त्यांनी माझ्याकडून हळूच काढून घेतली. काचेजवळ मासे अजून तोंड उघडमीट करत त्यांच्या हाताची वाट बघत होते.

"यांना माणसाची पारख नाही," ते माशांकडे बघत म्हणाले. "कोणाच्याही हाताला येतात. घाला तुम्ही पण, येतील."

मी हात घातला नाही.