पावाची व्हॅन आणि गणपतरावांची मैना

"टायमिंग म्हंजे काय खेळ हाय व्हय?" हुसेनभाई इंजिनात डोकं खुपसून ओरडले. तिकडं बेकरीच्या दारात त्यांची बायको मेहरुन्निसा गरम पावांच्या पाट्या घेऊन ताटकळली होती.

"खेळ नसंल तर मिस्त्रीला बोलवा की. पाव गार व्हायलेत."

"मिस्त्री काय आभाळातनं पडलाय? कार्बोरेटर कुणी बसीवलं? मी!"

खरी पंचाईत त्या कार्बोरेटरांचीच होती. कसबा बावड्यातली ही सगळ्यांत म्हातारी व्हॅन. तिचा मूळचा कार्बोरेटर झिजला, तसे हुसेनभाईंनी भंगारातल्या एका विलायती मोटारीचे दोन आणून तिच्यावर चढवले. दोन तोंडांनी पेट्रोल प्यायला मिळाल्यावर म्हातारी माजली. जुनं टायमिंग तिला मानवेना. ठिणगी लवकर पडली की इंजिन खडखडायचं, उशिरा पडली की सायलेन्सरमधून बार निघायचा. ठिणगी वाटून देणारा डबा हुसेनभाई केसभर इकडं फिरवत, केसभर तिकडं फिरवत.

अखेर आवाज बसला. धब्, धब्, धब् आणि मध्येच एक बार. चांगला भारदस्त. "ह्येला म्हनत्यात टायमिंग!" असं म्हणून हुसेनभाई पाव भरून निघाले.

पुढच्या गल्लीपासूनच लोक हात करू लागले. कुणी ओरडत होतं, कुणी टोपी हलवत होतं. आवाजाची वाहवा चाललीय असं समजून हुसेनभाईंनीही ऐटीत हात केला. मग सहज आरशात बघितलं, तर आरसाभर शिंगं!

गणपतराव गवळ्यांची मैना होती ती. दिवाळीच्या पाडव्याला गावात म्हशी पळवतात, त्यासाठी गणपतरावांनी सायलेन्सर काढलेल्या बुलेटमागं पळायची तिला सवय लावली होती. दावणीला उभ्या मैनेला गल्लीतून बुलेट गेल्यासारखं वाटलं आणि ती दावं तोडून निघाली.

हुसेनभाईंनी वेग वाढवला, मैनेनंही वाढवला. त्यांनी ब्रेक दाबला, तीही थांबली. खड्ड्यांनी मागचं दार आधीच उघडलं होतं. तिनं आत तोंड घातलं आणि पाव खायला सुरुवात केली.

तेवढ्यात उसन्या सायकलीवरून, नुसत्या बनियनवर गणपतराव आले. "हुसेन्या, म्हस पळिवतोस व्हय रं?"

"मी? तुमची म्हस माझं पाव खायालीया, आन् चोर मी?"

"पाव दावूनच न्हेली असंल," गर्दीतून कुणीतरी निकाल दिला.

हुसेनभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, पाव दावून म्हस न्ह्यायला मला काय याड लागलंय?"

गणपतरावांनी दावं ओढलं, मैना हलेना. तिचा मालक आता व्हॅन होता. शेवटी हुसेनभाईंनाच गाडी वळवावी लागली. पुढं व्हॅन, मागं म्हैस, म्हशीमागं शिव्या देणारे गणपतराव आणि त्यांच्यामागं अर्धा बावडा. चोराची धिंड निघावी तसे हुसेनभाई गोठ्यापर्यंत गेले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. पुन्हा डबा सैल केला, बल्ब लावून ठिणगी तपासली आणि इरेला पेटून टायमिंग असं बसवलं, की इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. मेहरुन्निसासुद्धा "बाई गं!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मैनेला घेऊन गणपतराव दारात हजर. "हुसेनभाई, कालचा आवाज कुटं गेला?"

"दुरुस्त केला!"

"का केलासा? मैना बुलेटमागं पाऊल टाकंना झालीया. पाडवा तोंडावर आलाय. तेवडं परत बिगडवा की."

"मी बिगडवू? काल चोर म्हनलासा मला!"

"आज हात जोडतो."

हात जोडलेला माणूस हुसेनभाईंना बघवत नसे. चरफडत त्यांनी डबा फिरवला. गाडी खडखडली. उलटा फिरवला, गाडी बंद पडली. दुपार उलटली, तळहात भाजले. पण ते धब् धब् आणि तो मधला बार काही सापडेना. जरा सैल सोडलं, की म्हातारी पुन्हा गुमान शिवणयंत्रावर यायची.

गणपतराव बराच वेळ बघत राहिले. मग दाव्याचं टोक खांद्यावर टाकून मेहरुन्निसाकडं वळले.

"वैनी, साधं बिगडवायला येत न्हाय ह्येस्नी. मला वाटलं, गाडीतलं काय तरी कळतंय!"